नऊ फुटी पियानो, काखेत मावेल असा

कीबोर्ड वर्कस्टेशन घेणाऱ्याला त्यातले हजार आवाज दाखवा, तो विचारणार एकच: ‘पियानो कसा आहे?’ म्हणून कंपन्याही घराणी सांगतात. यामाहाच्या मोंटाजमध्ये सीएफएक्स आणि बोझेनडॉर्फर इंपीरियल या मोठ्या पियानोंचे आवाज. मूळ इंपीरियलला ९७ पट्ट्या, धाकट्या मोंटाजला ६१. उरलेल्या ३६ पट्ट्या ऑक्टेव्हचं बटण दाबून शोधायच्या. कॉर्गच्या क्रोनॉसने २०११ साली जर्मन आणि जपानी पियानो थेट एसएसडीवरून वाजवले. लूप, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणं, नाही; सूर शेवटपर्यंत आपल्या मरणाने विरतो. वर डँपरची फुसफुस आणि यंत्रणेची खडखड कमीजास्त करायची सोय! जी खडखड दाबायला पियानो बनवणाऱ्यांच्या पिढ्या खपल्या, ती आता मागेल तेवढी मिळते.

तुलनेची रीतही ठरलेली. हेडफोन चढवायचे, एकच सूर दाबून धरायचा, डोळे मिटायचे आणि ‘लूप ऐकू आला’ म्हणत विजयी मुद्रेने बघायचं. एवढा वेळ एकच सूर धरायची पाळी कुठल्या गाण्यात येते, हे विचारायचं नसतं.

१९८८च्या कॉर्ग एम१मध्ये सगळे आवाज मिळून जेमतेम ४ मेगाबाइटचे. त्यातला पियानो खऱ्या पियानोच्या जवळपासही फिरकत नव्हता. पण ड्रम आणि बेसच्या गर्दीतून तो खणखणीत बाहेर यायचा आणि हाउस संगीतवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. तेव्हा दुकानात गेलात तर हेडफोन बाजूला ठेवा, सोबत ड्रम लावायला सांगा आणि मग पियानो ऐका.