मावळ्यांची चुंबकी पेटी: नवशिक्यांसाठी आठ पायऱ्या

तुळशीचं लग्न लागलं की अंगणातल्या किल्ल्याचे दिवस भरतात. तांबडी माती पोफळींच्या आळ्यात जाते, चिरे पुन्हा गडग्यावर चढतात, तटावर उगवलेले अळीव वाळतात. उरतात ते मावळे. पूर्वी त्यांना वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकत. पुढच्या दिवाळीत निम्मे फुटके निघाले की निम्मे नवे आणत. या मागासलेल्या पद्धतीवर कुंभारांचं पोट चालत असे. तुम्ही मात्र सुशिक्षित आहात. तुम्ही चुंबकी पेटी करणार आहात: मावळ्याच्या बैठकीत चुंबक, पेटी पत्र्याची, म्हणजे मावळा जागचा हलत नाही आणि फुटत नाही.

हे मार्गदर्शन दापोली तालुक्यातल्या मुरुडकरांसाठी आहे. जंजिऱ्याच्या मुरुडकरांनी वाचायला हरकत नाही. खारा वारा दोन्हीकडे सारखाच गंज चढवतो.

१. घरच्यांची मनं वळवा.
"एवढा बाप्या माणूस मातीच्या शिपायांत रमतो," असं कोणीतरी म्हणेलच. ताबडतोब परदेशाचा दाखला द्या. एच. जी. वेल्स या नामांकित लेखकाने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तक लिहिलं, हे सांगा. वेल्स स्प्रिंगच्या तोफेने शिपाई धडाधड पाडायचा, हे सांगू नका. तरीही पटलं नाही, तर गच्चीवर नेऊन हर्णैच्या दिशेला बोट दाखवा. तिथला सुवर्णदुर्ग कमोडोर विल्यम जेम्सने १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. जेम्सच्या मागे त्याच्या बायकोने १७८४ मध्ये लंडनजवळ 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे सुवर्णदुर्गाच्याच नावाचा बुरूज बांधला. नवऱ्याच्या किल्ल्यासाठी बायको एवढं करते, तर एक पेटी काय जड आहे? उत्तराची वाट न बघता खाली या.

२. पेटी निवडा.
हातात चुंबक घेऊन स्वयंपाकघरात शिरा आणि प्रत्येक डब्याला लावून बघा. स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच डब्यांना तो चिकटत नाही, पण हे कळायला सगळे डबे उतरवावेच लागतात. बिस्किटांचा पत्र्याचा डबा चालतो. उत्तम म्हणजे आजोबांनी गिरणीत असताना मुंबईहून आणलेली पत्र्याची ट्रंक. तिच्यातली आजीची लुगडी, सातबाऱ्याचे उतारे आणि वाटपाचे कागद दुसरीकडे हलवा. कुठे हलवले ते कोणाला सांगू नका. भाऊबंदकीलाही काही काम हवं.

३. चुंबक आणा.
जुन्या स्पीकरमधलं काळं चुंबक फुकट असतं, म्हणून ते कामाचं नाही. तुम्हाला निओडायमियमचं हवं: शर्टाच्या बटणाहून लहान, चकचकीत आणि महाग. त्यासाठी दापोलीला जा. याच मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतोस म्हणून परत पाठवले गेले. तुम्हाला फक्त "कालच संपले" एवढं ऐकून एसटीने परत यायचं आहे. मग ऑनलाइन मागवा. एका मावळ्याला चार चुंबकं धरा. चुंबकांचा खर्च मावळ्याच्या किमतीपुढे गेला की तुम्ही हौशी राहत नाही, संग्राहक होता.
एक सूचना गंमत बाजूला ठेवून: ही चुंबकं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन गिळली गेली तर ती पोटात एकमेकांना धरतात, आतडं मध्ये चिमटतं आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

४. चुंबक बसवा.
मावळा आडवा धरून बैठकीला खालून भोक पाडा. प्लास्टरचा मावळा इथेच दोन भागांत विभागतो. घाबरू नका, दुसरा घ्या. भोकात फेव्हिक्विकचा थेंब टाकून चुंबक दाबा आणि बोट सुटेपर्यंत थांबा. चुंबकाची कुठलीही बाजू पत्र्याला चालते, पण सगळ्यांची एकच बाजू खाली ठेवा. नाहीतर हिरोजी आणि आदिलशाही पठाण तळव्याला तळवा चिकटवून पडलेले सापडतील. मुलं इतिहासाबद्दल प्रश्न विचारतात.

५. गंजाचा बंदोबस्त करा.
निओडायमियमच्या चुंबकात भरपूर लोखंड असतं. वरचा निकेलचा मुलामा जरा उडाला की खारी हवा आत शिरते आणि चुंबकाची भुकटी होते. म्हणून प्रत्येकावर नेलपॉलिशचे दोन हात द्या. बाटली कोणाची आहे याची चौकशी बाटली संपल्यावर करा. पेटीत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. पुड्या कमी पडल्या तर आणखी बूट घ्या. मिरगापासून पेटी उघडू नका. मावळे ठीक आहेत ना, हे बघायला पेटी उघडावी लागते. म्हणजेच ओल आत जाते. या पेचावर उपाय नाही, पण चिंता करत राहिल्याने पावसाळा लवकर सरतो.

६. फौज लावा.
महाराज सिंहासनासकट मधोमध. त्यांच्याभोवती मावळे, मग तोफा, मग गवळण, भाजीवाली, वाघ आणि कोणीतरी आणून ठेवलेलं प्लास्टिकचं हेलिकॉप्टर. भाजीवाली तोफेच्या दुप्पट आहे आणि वाघ दरवाजातून मावत नाही, याकडे आजवर कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. आता जाईल. विलायती छंदात शिपाई बहुधा २८ मिलिमीटरच्या मापात असतात. आपल्याकडे माप कुंभाराच्या मर्जीवर असतं.

७. मावळा बाहेर काढा.
ही पायरी धीराची आहे. चार चुंबकांची पकड मावळ्याच्या घोट्यांपेक्षा भक्कम असते. कमरेला धरून ओढलंत तर मावळा हातात येतो आणि पाय पेटीत राहतात. पाय रोवून लढणं ते हेच. सांत्वनाची गोष्ट एवढीच की पाय अगदी सुरक्षित आहेत.

८. दिवाळीत मावळे किल्ल्यावर ठेवू नका.
रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत लोखंडाच्या खनिजांचे काळे कण असतात. किल्ल्याच्या वाटेसाठी पुळणीवरची वाळू पसरलीत की मावळ्यांच्या तळव्यांना तासाभरात काळ्या दाढ्या फुटतात. त्या पुसून निघत नाहीत. त्यापेक्षा ट्रंक ओटीवर आणा, झाकण उघडा आणि लोकांना लांबून दाखवा. किल्ला करायचीही गरज उरत नाही. माती वाचते, चिरे वाचतात.

शंका-समाधान

शंका: ट्रंक उचलत नाही.
समाधान: उचलायची कशाला? ओटी तिच्याभोवती वापरा.

शंका: कुंभार विचारतो, यंदा मावळे नकोत का?
समाधान: त्याला पेटी दाखवा. तो काही बोलणार नाही. आदराने गप्प राहिला असं समजा.

शंका: मुलं म्हणतात, आम्हाला खेळायला द्या.
समाधान: पेटीला कुलूप लावा आणि त्यांना त्याच कुंभाराकडून डझनभर मावळे आणून द्या. त्यांच्यासाठी मुलं अंगणात चिखलाचा काहीतरी ढिगारा करतील, दोन दिवस भांडतील, फटाक्याने निम्मे उडवतील. तुम्ही पेटीपाशी बसा. कोणीतरी जबाबदारीने वागायला हवं.