क्लच सोडला म्हणे!

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. आमच्या बदलापूर पूर्वेच्या सोसायटीत पूर्वी कसे चांगले खानदानी विषय असायचे. कुणाच्या सुनेनं वेगळं बिऱ्हाड मागितलं, कुणाच्या पोराचं जमलं नि कुणाचं फिसकटलं, टाकीत पाणी किती वाजता आलं. आता गच्चीवर पापड घालायला गेलं की खालच्या कट्ट्यावरून काय ऐकू येतं? ‘एक पेडल की दोन?’ ‘रेंज दोन की तीन?’ ‘तेल किती लिटर बसतं?’ आणि विचारणारे कोण, तर पस्तीस वर्षं सीएसएमटीपर्यंत अडुसष्ट किलोमीटर लटकत जाताना लोकलच्या दांड्याखेरीज दुसऱ्या कुठल्या लोखंडाला हात न लावलेले रिटायर्ड पुरुष!

प्रकरण आहे मिनी ट्रॅक्टरचं. तसं ट्रॅक्टर घेण्यात काही वावगं नाही. पण ह्या मंडळींना गिअरचा चालत नाही. हायड्रोस्टॅटिक हवा. हा शब्द ते असा दबक्या आवाजात उच्चारतात, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणाचे रिपोर्ट आले.

मूळ सगळ्याचं जमिनीत. मुळगावकडे, कोंडेश्वरच्या वाटेवर, पुढे वांगणीपर्यंत ज्याला त्याला वीस-वीस गुंठे हवे झाले. शेतजमीन घ्यायची तर १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे आधी शेतकरी असावं लागतं. मग आमच्या ह्यांनी आजोबांचा साताऱ्याकडचा सातबारा शोधून काढला, त्यावर वारसानं लागलेलं आपलं नाव दाखवलं, आणि बँकेतून रिटायर झालेला माणूस एका सकाळी शेतकरी म्हणून उठला. तोवर ठीक होतं. पुढे नातवानं मोबाइलवर अमेरिकेतला एक व्हिडिओ दाखवला. एक आजोबा छोट्याशा केशरी ट्रॅक्टरवर बसलेत. पायानं पेडल पुढे दाबलं की ट्रॅक्टर पुढे, टाचेनं मागे दाबलं की मागे, पाय उचलला की जागच्या जागी उभा. क्लच दाबणं नाही, गिअर बदलणं नाही, आणि दुसऱ्या हातात कॉफीचा मग! त्या दिवसापासून आमचे हे बाटले.

बरं, हे थेर नवीन म्हणावेत, तर तसंही नाही. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं आपल्या ६५६ ट्रॅक्टरला हायड्रोस्टॅटिक बसवलं ते १९६७ साली. ह्यांची मुंज त्याच वर्षीची. म्हणजे ह्यांच्या डोक्याचा गोटा झाला तेव्हा तिकडे क्लच गेला होता, आणि बातमी इथे पोचायला एवढी वर्षं लागली.

मी म्हटलं, हे आहे तरी काय, एकदा कळू दे. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत जन्म काढलेले एक फिटर काका आमच्याकडे येतात. ते म्हणाले, ‘वहिनी, आप्पेपात्र आणा.’ मला वाटलं, खायची हुक्की आली. तर त्यांनी ते रिकामं पात्र टेबलावर ठेवलं, वर माझी स्टीलची थाळी धरली आणि शिकवणी सुरू केली. हे पात्र इंजिनावर गरगर फिरतंय. कडेच्या प्रत्येक वाटीत एकेक दट्टा. खऱ्या पंपात असे सात किंवा नऊ असतात. दट्ट्यांची डोकी थाळीला टेकलेली. थाळी सपाट असली की दट्टे जागेवर, तेल हलत नाही, गाडी उभी. थाळी कलवली की फिरता फिरता एका बाजूचे दट्टे आत दाबले जातात, दुसऱ्या बाजूचे बाहेर येतात, तेल जोरानं मोटरकडे धावतं आणि चाक फिरतं. जास्त कलवा, जास्त वेग. उलट्या बाजूला कलवा, गाडी मागे. पेडलचं काम एवढंच, थाळी कलवायची.

एवढं सोपं ह्यांनी दोन महिन्यांत मला सांगितलं नव्हतं. ह्यांना सांगायचंच नव्हतं, तुलना करायची होती. एक लांब पेडल, चवडा पुढे नि टाच मागे, हा एक पंथ. पुढचं वेगळं नि मागचं वेगळं अशी शेजारी दोन पेडलं, हा दुसरा. कट्ट्यावर एके संध्याकाळी ह्यावरून एवढं पेटलं की एका गृहस्थांनी दुसऱ्यांच्या नातवाच्या बारशाला न जाण्याचं जाहीर केलं. कुणाकडेच ट्रॅक्टर नाही, हे मधल्या मधे राहिलं.

उल्हासनगरचे एक शेठ ह्या टोळीत आहेत. फर्निचरचा धंदा आहे, वांगणीला जागा आहे. फाळणीनंतर लष्कराच्या बराकींत उतरलेल्या माणसांच्या ज्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं, तिथल्या बाजारात काय बनत नाही? यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तर आमच्या पिढीनं दुधाबरोबर प्यायला. शेठ म्हणाले, ‘भाभी, तिकडच्या यूएसएमध्ये छोटा ट्रॅक्टर घेतला की हायड्रोच घेतात. आपल्या यूएसएमध्ये अजून कुणी त्याची नक्कल केली नाही. म्हणजे बघा, काहीतरी गोम आहे.’ साऱ्या चर्चेत धंद्याचं बोललेला हा एकच माणूस.

गोम हळूहळू बाहेर यायला लागली. आणि काय एकेक ऐकलं मी!

पहिली भानगड म्हणजे ह्याला धक्का चालत नाही. बॅटरी उतरली तर गिअरचा ट्रॅक्टर उतारावर सोडायचा, क्लच सोडायचा, भुर्रकन चालू. आख्ख्या ठाणे जिल्ह्याचा त्यावर विश्वास आहे. हायड्रोस्टॅटिकला वरून चार माणसांनी लोटलं तरी इंजिन ढिम्म. चाक आणि इंजिन यांच्यात दातांची सलग जोड नाही, मधे तेल आहे. चार महिने पावसात शेडमध्ये झाकून ठेवलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी कोणत्या अवस्थेत सापडते, ते मी सांगायला नको.

दुसरं, उतारावर नुसता बंद करून गेलात तर हा हळूच सरकू लागतो. गिअरचा कसा, गिअरमध्ये टाकला की दात रोवून उभा राहतो. ह्याचं तेल आतल्या आत झिरपतं, म्हणून हॅन्डब्रेक ओढल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. मोकळ्या सोडलेल्या पुरुषासारखाच, हो की नाही?

तिसरं ऐकून तर ह्यांचा चेहरा पडला. चढ आला, किंवा पुढे लावलेला माती उचलायचा लोडर ढिगात घुसला, की आपण काय करू? जोरात दाबू. इथे उलट. दाबलं की थाळी आणखी कलते, भार वाढतो आणि इंजिन गुदमरतं. जोर हवा तर पाय सैल सोडायचा. बत्तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला हे आता शिकायचंय!

शिवाय इंजिनाची काही ताकद तेल तापवण्यातच जाते. गिअरमध्ये एवढी जात नाही. त्यामुळे दिवसभर नांगरायचं असेल तर गिअर बरा, हे ते फिटर काकाही कबूल करतात. तेलात पाणी गेलं तर पंपाची कायमची काशी. आणि पाणी आमच्याकडे कसं येतं? २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस हजारेक माणसांसकट पाण्यात उभी होती. रूळ जिथे दिसेनात, तिथे ट्रॅक्टरच्या शेडची काय कथा?

तरी एक दिवस हे हट्टानं मला घेऊन शोरूमला गेले. कुठल्या ते विचारू नका. काउंटरवरच्या पोराला ह्यांनी गंभीरपणे विचारलं, ‘हायड्रोमध्ये काय आहे?’ त्यानं दोन ग्लास पाणी आणून दिलं. मी प्यायले.

मग त्यानं माहितीपत्रकं पसरली. महिंद्राचा जिवो, २४ एचपी, पुढचे आठ गिअर, मागचे चार. कुबोताचा निओस्टार, २१ एचपी, पुढचे नऊ, मागचे तीन. महिंद्राचाच ओजा, ज्याचा बार १५ ऑगस्ट २०२३ ला थेट केपटाउनमध्ये उडवला होता. त्यात पटकन पुढे-मागे होण्याची सोय आहे, पण आत गिअरच. गंमत बघा, हीच कंपनी अमेरिकेत छोट्या ट्रॅक्टरांत हायड्रोस्टॅटिक देते. माहेरच्यांना गिअर, सासरच्यांना तेल! मुलीची आई म्हणून मला हा न्याय पटला नाही.

एवढ्यावर हे प्रकरण मिटावं, तर आता माझंच पाऊल घसरलंय. काकांनी सांगितलं की आमच्या रस्त्यावर नाल्याचा गाळ उपसणारी ती बॉबकॅट, जागच्या जागी गिरकी घेते ती, ती सगळी हायड्रोस्टॅटिकवर चालते. म्हणजे ज्याच्यासाठी ह्यांनी लाळ गाळली, ते आमच्या दारात गाळ काढतंय. मी गॅलरीतून तासभर बघत होते. पुढे, मागे, पुढे, मागे, एक झटका नाही. खरं सांगते, कौतुक वाटलं. अशा पुढे-मागे करायच्या कामाला, लोडरला, आणि आपल्याकडे श्रावणात कमरेएवढं गवत वाढतं ते कापायला ह्याला तोड नाही. दाट गवत आलं की पायानं वेग कमी करायचा. पीटीओ, म्हणजे मागचं पातं फिरवणारा दांडा, मात्र आपले मिनिटाला ५४० फेरे घेत राहतो, पातं मंदावत नाही. साध्या एका क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला की पातंही थांबतं. वीस गुंठ्यांऐवजी दहा एकर आंबा-जांभळाची बाग असती, तर मीच मंगळसूत्र काढून... जाऊ दे.

पण हिशेब केला. वीस गुंठे म्हणजे साधारण २,०२३ चौरस मीटर. चार फुटी रोटाव्हेटर ताशी दोन किलोमीटरनं चालवला तर तासाला २,४०० चौरस मीटर होतात. म्हणजे आमच्या साऱ्या साम्राज्याची एक फेरी पन्नास मिनिटांत संपते. वळणं आणि ह्यांचे फोटो धरून दीड तास. एवढ्यासाठी लाखांचं यंत्र घ्यायचं, वर्षभर त्याला आंजारायचं-गोंजारायचं, तेल नि फिल्टर बदलायचे?

मुळगावचे एक दादा भाड्यानं ट्रॅक्टर चालवतात. ह्यांनी त्यांनाही पेडलचं सांगितलंच. दादा चिखलणी करून आले होते, अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत चिखल. शांतपणे म्हणाले, ‘साहेब, चिखलात भरलेला पाय त्या पेडलवर ठरंल का? आणि बिघडला तर बदलापुरात पाना कोण लावणार?’ ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. व्हिडिओतल्या आजोबांच्या पायात बूट होते.

तेव्हा माझं मत विचाराल तर, गवत आणि लोडरचं काम रोजचं असेल, जमीन मोठी असेल आणि दुरुस्तीला माणूस हाकेवर असेल, तरच ह्या नादाला लागा. भाताच्या खाचरात गिअर, नाहीतर पॉवर टिलर. आणि वीस गुंठेवाल्यांनी दुसऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा. आमच्याकडे बुधवारी सकाळी आठला दादांचा येतोय, ताशी भाड्यानं. पुढचे आठ गिअर, मागचे दोन, आणि क्लच आहे.