तोंडी सांगतो

बापूंसारखा एक तरी माणूस तुमच्याही आळीत असणारच. कोर्टाची पायरी चढायच्या आधीच जो अर्धा वकील झालेला असतो, तो. आमचे बापू रोह्याचे, त्यांचा वकील पेणचा. दिवा गाडी रोह्याहून सुटली की नागोठणं यायच्या आत ते डब्यातल्या अनोळखी माणसांनाही मुदतीचा कायदा शिकवून मोकळे होतात. मी तर ओळखीचा. मला पेणपर्यंत सुटका नाही.

प्रकरण क्रेडिट कार्डाचं. २०२० पासून थकलेलं, आणि महिना साडेतीन टक्क्यांनी लाखाचे तीन लाख झालेलं. बापूंना कुणीतरी सांगितलं, की १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा येण्यासाठी तीन वर्षांत दावा लावावा लागतो. मात्र तेवढ्यात कर्जदाराने लेखी कबुली देऊन खाली सही केली, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. झालं! चातुर्मासात लोक कांदा-लसूण सोडतात, तशी बापूंनी सही सोडली.

कुरियरवाल्याला सही नाही. नातीच्या प्रगतिपुस्तकावर सही नाही. बाईंनी त्याबद्दल चिठ्ठी पाठवली, तर तिच्या पोचेवरही नाही. लग्नात आहेराच्या वहीत "रु. ५०१, एक हितचिंतक". काकूंनी विचारलं, "आमटी कशी झाल्ये?" तर म्हणे, "तोंडी सांगतो, चांगली झाल्ये. ही कबुली समजू नये." पुढे दोन दिवस काकूंनी आमटी केली नाही, तेही काही न सांगता.

वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या पुढे फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. बापू सातच्या ठोक्याला मोबाइल पुढ्यात घेऊन ओटीवर बसत. सातनंतर वाजला की चेहरा उजळे. "रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आमच्या रोह्यात वाढले, ठाऊक आहे का?" पलीकडच्या मुलीला ना रोहा ठाऊक, ना देशमुख. ती विचारी, "सर, पेमेंट कधी करताय?" त्यावर बापू, "तोंडीसुद्धा सांगत नाही!"

समन्स घेऊन बेलीफ आला, त्यालाही सही नाकारली. बेलीफ मुरलेला. त्याने शांतपणे समन्स दाराला चिकटवलं. बापूंनी एकट्याने वाचायचं ते अख्ख्या आळीने वाचलं.

तरी बापू खुशीत. पैसे थकले जुलै २०२०मध्ये, दावा लागला जानेवारी २०२५मध्ये, साडेचार वर्षं! वकीलसाहेबांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, की १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा कोरोनाचा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या मोजणीतून वगळलाय. मोजायचं मार्च २०२२ पासून. बँक वेळेत आहे.

"म्हणजे ती दोन वर्षं झालीच नाहीत?"

"मुदतीच्या हिशेबाला नाहीत."

"मग माझं वयही दोनने कमी करा की!"

खर्च कशावर केला होता, असं विचारल्यावर मात्र बापू खिडकीबाहेर बघायला लागले. ते मला नंतर त्यांच्या मेहुण्याकडून कळलं. त्याचा पेणजवळ हमरापूरला गणपतींचा कारखाना. २०२०च्या सुरुवातीला रंगाचं, प्लास्टरचं बिल भागवायला बापूंनी आपलं कार्ड पुढे केलं होतं. जुलैत सरकारने सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरची दोन फुटांची ठरवली. कारखान्यात आठ-आठ फुटी बाप्पा बिनरंगाचे उभे राहिले.

"लिहून नाही दिलंस त्यांना?" मी विचारलं.

"दिलं होतं. भावोजींनी कागद फाडून टाकला."

बापूंचा कंटाळा करायचा माझा हक्क इतक्या वर्षांच्या रेल्वेप्रवासाने कमावलेला आहे. तो मी अजून सोडलेला नाही. पण हे ऐकल्यापासून नागोठण्याला डबा बदलायचं मी बंद केलं.

सप्टेंबरच्या लोकअदालतीत तडजोड झाली. लोकअदालतीचा निवाडा म्हणजे हुकूमनामाच, वर अपील नाही. म्हणून बापूंनी कागद ओळ न् ओळ वाचला आणि सही केली. बँकेच्या माणसाने ती कार्डाच्या जुन्या अर्जाशी ताडून पाहिली. जुळेना. सवयच गेली होती! शेवटी आधार कार्ड दाखवावं लागलं.

बाहेर मेहुणा पाकीट घेऊन उभा. यंदाचा सीझन त्याला बरा गेला होता. "भावोजी, निदान निम्मे तरी घ्या."

बापूंनी पाकीट त्याच्याच खिशात कोंबलं. "कसले निम्मे? लेखी आहे काही? तुझ्याकडचं येणं केव्हाच मुदतबाह्य झालं. कोरोना वजा करून हिशेब केलाय मी."