कायमच्या १७८०ची महाराणी

माझ्या टेबलाच्या खणात ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा राहते. चाळीस वर्षं राज्य, सोळा बाळंतपणं आणि १७६५ साली नवरा गेल्यापासून डोक्यावर ओढलेली शेल्यासारखी ओढणी. थेलर या चांदीच्या गोल नाण्यावर तिचा भरलेला चेहरा असा दिसतो, की लग्नघरात कोठीच्या किल्ल्या कमरेला खोचून आत्याबाई नुकत्याच टेकल्या असाव्यात. खाली साल १७८०. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती वारली. टाकसाळीने मात्र ते मनावर घेतलं नाही. तांबड्या समुद्राकाठच्या कॉफीच्या व्यापाऱ्यांना आणि इथिओपियातल्या बाजारांना हाच चेहरा पटलेला होता. छातीवरच्या ब्रोचचे मोती मोजून घेणारी ती माणसं, त्यांच्यापुढे नवा राजा कोण नेणार? म्हणून व्हिएन्नाने तेच साल घालून नाणी पाडली. पुढे रोमने, लंडनने आणि १९४०-४१मध्ये आपल्या फोर्टातल्या टाकसाळीनेही. म्हणजे माझी महाराणी मुंबईकरही असू शकेल!

या शंकेपायी मी तिला एका जाणकाराकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मोती पाहिले, मागच्या गरुडाच्या शेपटीची पिसं पाहिली आणि म्हणाले, "नंतर पाडलेलं आहे. चांदीच्या भावाने जाईल." अठ्ठावीस ग्रॅमचं नाणं, त्यात शुद्ध चांदी तेवीस ग्रॅमच्या वर थोडी. संग्राहक जीव टाकतात ते तिच्या हयातीतल्या नाण्यांवर. नाण्याच्या कडेवर लॅटिनमध्ये 'न्याय आणि दया' कोरलेलं आहे. त्यांनी न्याय केला. दयेचं राहून गेलं.

परतताना आजी आठवली. तिची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. रेशनकार्डावर कारकुनाने अंदाजाने साठ लिहिलं, आणि पुढची वीस वर्षं कुणीही विचारलं तरी ती शांतपणे "साठ" म्हणायची. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी ते खरं मानलं. साठीची म्हणूनच ती गेली. भिंतीवरच्या फोटोतही ती साठचीच आहे. मीच हळूहळू तिच्या वयाला येऊन टेकलो. त्या रात्री नाणं खणात ठेवलं, पण भिंग हातातच राहिलं होतं. खुर्चीवर चढून आजीच्या नथीचे मोती मोजले. सगळे जागच्या जागी होते.