फेडणीस

रिकामा डबा परत देऊ नये, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. आमच्या शेजारच्या नानांनी मात्र त्याचं व्रत घेतलंय, आणि त्याला उद्यापन नाही. असे एक नाना तुमच्याही जिन्यात असणारच.

आमच्याकडून कोथिंबीरवड्या गेल्या की संध्याकाळी तोच डबा डिंकाचे लाडू घेऊन दारात हजर. आता लाडवांचा डबा रिकामा कसा धाडायचा? बायको शेव भरते. शेवेच्या बदल्यात पुरणपोळ्या येतात. डब्यावर माझ्या सासऱ्यांचं नाव कोरलंय. हयातीत ते एवढे हिंडले नव्हते. एकदा नानांनी चमचाभर विरजण नेलं. सकाळी वाटीभर दही परत! आमच्याच विरजणाचं. मुद्दल व्याजासकट.

२०१६ साली यूपीआय आलं आणि नानांना मोकळं रान मिळालं. स्कूटरवरून स्वारगेटला सोडलं, तर मी घरी पोचायच्या आत ३० रुपये जमा. खाली शेरा : ‘पेट्रोल. टायरची झीज वेगळी देतो.’

आहेराचं तर विचारूच नका. आमच्या मुलीच्या पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ वाचून नानांचा चेहरा असा उतरला की जणू आम्ही त्यांना जेवायलाच बोलावलं नव्हतं. मांडवात बिचारे हात खिशात घालून चोरासारखे वावरले. आठवड्याने डबा आला. बेसनाच्या लाडवांखाली पाकीट, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं, त्यालाही तूप लागलेलं.

शेवटी चिडून म्हटलं, “नाना, मैत्रीत कुणी हिशेब ठेवतं का?”

नानांनी वही काढली. डावीकडे माझी देणगी, उजवीकडे त्यांची फेड, प्रत्येक ओळीला लाल खूण. विरजणसुद्धा होतं. एकाच ओळीपुढे जागा कोरी : ‘आमच्या बापूंना खांदा. जिन्यापासून शववाहिनीपर्यंत. पाऊस होता.’

मला तर आठवतही नव्हतं. आणि या माणसाने पाऊससुद्धा माझ्या नावावर जमा केला होता.

“हे तेवढं राहिलंय,” नाना म्हणाले. चष्मा पुसायला त्यांनी बराच वेळ घेतला.

“राहू द्या हो नाना, घाई नाही,” मी म्हटलं.

पण देणं अंगावर ठेवणारा हा माणूस नव्हे. हल्ली रोज सकाळी येऊन माझ्या खोकल्याची फार आस्थेनं चौकशी करतात.