दुबई जवळ, सहार लांब

"शनिवार-रविवार दुबईला जाऊन ये की, तीन तासांचं तर विमान आहे," असं सांगणाऱ्या प्रत्येकाने आधी बदलापूरहून सहार विमानतळावर जाऊन दाखवावं. तीन तासांचं विमान हे खरं आहे. पण ते सुटतं पहाटे चारला, आणि आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी हजर राहा असं तिकिटावरच लिहिलेलं असतं. म्हणजे रात्री एक. रात्री एकला सहारच्या टर्मिनल दोनवर उभं राहायचं, तर बदलापूरच्या बाईने घर कधी सोडावं?

टॅक्सी करावी म्हटलं तर अ‍ॅपवर गाडी दिसते, येते आहे असं वाटतं आणि नाहीशी होते. ओळखीचा गाडीवाला यायला तयार असतो, पण रिकामं परत यायचं भाडंही तो आपल्याकडूनच घेतो. त्यात काटई रस्त्याला नेवाळी नाका आणि पुढे शिळफाटा. रात्री तिथे कंटेनरच्या रांगा लागल्या की गाडीत बसून घड्याळ बघण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून मी लोकल धरते. बदलापूर ते घाटकोपर लोकल, तिथून मेट्रो एकने मरोळ नाका, मरोळला खाली उतरून मेट्रो तीन, आणि पुढचंच स्टेशन टर्मिनल दोन. मेट्रो तीनचा हा टप्पा 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. मात्र ही मेट्रो रात्री बंद होते, आणि आखाताकडे जाणारी कितीतरी विमानं ती बंद झाल्यावरच सुटतात. मेट्रो गाठायची तर बदलापुरातून संध्याकाळी आठच्या आत निघावं लागतं. तीन तास उडण्यासाठी आठ तास जमिनीवर काढायचे. आणि मैत्रीण दुबईहून मेसेज करते, "अगं, आता तर नवी मुंबईचं विमानतळ झालं ना तुमच्याजवळ!" त्याचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं, त्या डिसेंबरात विमानंही उडायला लागली. नकाशावर ते आम्हाला जवळ आहे. पण बदलापूरहून तिकडे थेट लोकल नाही. ठाण्याला जाऊन पनवेलची गाडी पकडायची म्हणजे अर्धं सहार गाठल्यासारखंच.

एवढा आटापिटा कशासाठी, ते सांगते. आम्हा तिघी मैत्रिणींची ओळख लोकलमधली. सकाळच्या बदलापूर फास्टचा लेडीज डबा. मी बदलापूरला चढायची, दुसरी अंबरनाथला, तिसरी उल्हासनगरला. बदलापूरची गाडी बदलापूरकरणींची, असं ज्या डब्यात ठासून सांगितलं जातं, त्या डब्यात अंबरनाथच्या बाईसाठी पर्स ठेवून जागा धरणं सोपं नसतं. मी धरायची, बोलणीही खायची. उल्हासनगरची सिंधी. ती ठाण्यापर्यंत उभी राहायची, मग तिला चौथी सीट मिळायची, आणि अर्ध्या बाकावर टेकून ती दाल-पकवानचा डबा उघडायची. मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात बोलायची. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर, फास्टलाही सव्वा तासाच्या वर लागतो. तेवढा वेळ आम्ही रोज बोलायचो. कुणाच्या सासूचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाचं दहावीचं वर्ष, कुणाचं प्रमोशन हुकलं, नवरात्रात उद्याचा रंग कोणता. मटार सोलत बोलायचो. भांडायचो आणि कुर्ला यायच्या आत मिटवायचो.

मग अंबरनाथवालीच्या नवऱ्याला दुबईत नोकरी लागली. उल्हासनगरवालीच्या दिरांचा कापडाचा व्यापार बर दुबईत होताच, तिचा नवराही तिकडे गेला आणि त्यांनी शारजात घर घेतलं. उल्हासनगरला यात नवल नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी कल्याणच्या लष्करी छावणीत संसार मांडले, 1949 मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या दुबई-हाँगकाँगपर्यंत दुकानं थाटत गेल्या.

आता कुणीही म्हणेल, फोन आहे की. आहे. पण अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, बोलता येत नाही. तिथे हे कॉल बंद आहेत. परवानगी असलेलं वेगळं अ‍ॅप घ्यायचं, ते माझ्या फोनवर धड चालत नाही, चाललं तर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. मग उरतात सकाळच्या शुभेच्छांची फुलं आणि वाढदिवसाचे केक. ज्या बाईशी आपण रोज सव्वा तास बोलत होतो, तिच्याशी वर्षानुवर्षं अंगठ्याने बोलायचं, हे मला मंजूर नाही. म्हणून मी जाते.

त्यांची आठवड्याची सुट्टी पूर्वी शुक्रवार-शनिवार असायची, आमची शनिवार-रविवार, त्यामुळे भेटीचा हिशेब कधी जमायचाच नाही. 1 जानेवारी 2022 पासून अमिरातीने शनिवार-रविवार सुट्टी केली आणि आमचा मार्ग मोकळा झाला. असं मला वाटलं होतं. पण त्याआधी बॅग भरायची होती.

स्वस्तातल्या तिकिटावर सात किलोची हातातली बॅग, एवढंच सामान. अंबरनाथवालीची आई शिवमंदिराच्या बाजूला राहते. दिवाळी नुकतीच झालेली. काकूंनी मला बोलावून घेतलं आणि स्टीलचा डबा पुढे ठेवला. अनारसे. काकूंचे अनारसे म्हणजे जाळीदार, वरून सोनेरी, खसखशीवर थापलेले. डबा बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण अमिरातीत खसखशीला बंदी आहे. ते तिला अमली पदार्थांच्या हिशेबात धरतात, आणि विमानतळावर सापडली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. मी काकूंना हे सांगितलं. त्यांनी एक अनारसा उचलला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "ही खसखस? ही तर वाण्याकडची आहे गं." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी सुरी आणून एका अनारशावरची खसखस खरवडून पाहिली. अनारसा मोडला. मग त्या उठून आत गेल्या, आणि पुन्हा बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "परवा ये. तिळावर थापते." पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईने मुलीसाठी दुसऱ्यांदा कढई चढवली. माझा राग इथे आहे. व्हिसाचे पैसे घेणारा एजंट फोटोची मापं मिलिमीटरमध्ये सांगतो, हॉटेलचं बुकिंग मागतो, परतीचं तिकीट मागतो. दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्रातून दुबईला निघालेल्या बाईला "खसखस नेऊ नका" हे तीन शब्द तो सांगत नाही.

शारजावालीला पापड हवे होते. साधे नाहीत, तिच्या उल्हासनगर कॅम्पातल्या ठरलेल्या दुकानातले, मिरीचे. पापडाला वजन नाही, पण बॅगेत घातला तर चुरा होतो. म्हणून ते पुडकं मी घाटकोपरच्या पुलावरून शुक्रवार संध्याकाळच्या गर्दीत छातीशी धरून नेलं. काकूंचं लिंबाचं लोणचं राहिलं, कारण ते हातातल्या बॅगेत चालत नाही. सुकं खोबरं राहिलं, कारण ते तेलकट असल्यामुळे विमानात पेट घेणाऱ्या मालात मोडतं. एकेक वस्तू टेबलावर परत ठेवताना काकूंचा चेहरा बघवत नव्हता.

लोकलमध्ये बॅग बघून समोरच्या बाईने सवयीने विचारलं, "कुठे?" मी म्हटलं, "घाटकोपर." तिने लगेच पलीकडच्या बाईला माझी जागा सांगून टाकली.

दुबईत उतरले ते थेट कार्यक्रमपत्रिकेत. अंबरनाथवालीच्या नवऱ्याने ती तयार केली होती, प्रेमाने केली होती, हे मला मान्य आहे. शनिवारी दुबई मॉल, मग बुर्ज खलिफा, मग कारंजी, रात्री ग्लोबल व्हिलेज. रविवारी ब्रंच, दुपारी समुद्रकिनारा, संध्याकाळी सोन्याचा बाजार. बुर्ज खलिफा 828 मीटर उंच आहे. ती खालून बघितली, वरून बघितली, तिच्यासमोर उभं राहून फोटो काढले, ते फोटो नीट आले नाहीत म्हणून पुन्हा काढले. या सगळ्या वेळात मला अंबरनाथवालीला एकच गोष्ट विचारायची होती. मधल्या काळात तिचं एक मोठं आजारपण झालं होतं, आणि ते तिने मेसेजमध्ये फक्त "आता बरं आहे" एवढ्यात संपवलं होतं. ते आजारपण कारंज्यांच्या संगीतात विचारता येत नाही. लिफ्टमध्ये अनोळखी माणसांत विचारता येत नाही. बुफेच्या रांगेत तर नाहीच. मी दोनदा सुरुवात केली. एकदा तिची मुलगी आइस्क्रीम मागायला आली, एकदा नवरा म्हणाला, "चला, चला, शो सुरू होतोय."

पाहुण्याला शहर दाखवायचं असतं, ही समजूत आपल्या लोकांमध्ये फार घट्ट बसली आहे. कुणी तीन तास उडून आलं की त्याला बसवायचं नाही, हिंडवायचं. बसवलं तर आपण काहीच केलं नाही असं यजमानाला वाटतं. अंबरनाथला तिच्या घरी गेले की आम्ही ओट्याशी उभ्या राहून तासभर बोलायचो. तीच बाई दुबईला गेली की मला मॉलमध्ये नेते. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणखी एक. त्यांच्या शेजाऱ्यांशी माझी ओळख करून देताना दोघींनीही सांगितलं, "ही आमची मुंबईची मैत्रीण." मी बदलापूरची आहे. ठाणे जिल्हा, अंबरनाथ तालुका. अंबरनाथवाली स्वतःलाही मुंबईची म्हणवते. जिच्या माहेराजवळ शिलाहारांनी 1060 मध्ये पुरं केलेलं शिवमंदिर उभं आहे, जेव्हा मुंबईत सात बेटांवर कोळ्यांच्या होड्या होत्या, तिने आपल्या गावाचं नाव का लपवावं? "अगं, लोकांना कळत नाही," ती म्हणाली. न सांगितलं तर कसं कळेल? बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, एवढं सांगायलाही त्या शेजारणीने मला वेळ दिला नाही. तिला वरळी सी लिंकबद्दल विचारायचं होतं.

बोलणं झालं, ते शनिवारी रात्री, अल इत्तिहाद रोडवर. दुबईहून शारजाला जाणारा हा रस्ता तिथे गर्दीसाठी बदनाम आहे. उल्हासनगरवालीला सोडायला आम्ही निघालो आणि गाडी थांबली ती थांबलीच. पुढे अंबरनाथवालीचा नवरा स्टिअरिंगवर बोटं आपटत पुन्हापुन्हा माफी मागत होता. मागच्या सीटवर आम्ही तिघी, खांद्याला खांदा, पायाशी पापडाचं पुडकं. मुलं दुसऱ्या गाडीत झोपली होती. कुणी कुठे उतरणार नव्हतं. तिथे मी अंबरनाथवालीला विचारलं, आणि तिने सांगितलं. बायोप्सीचा दिवस, रिपोर्ट येईपर्यंतच्या रात्री, आईला मुद्दाम न कळवणं, हॉस्पिटलात नवऱ्याला अरबी फॉर्म समजेना म्हणून शारजाहून धावत आलेली ही दुसरी. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. उल्हासनगरवालीने तिळाचा अनारसा मोडून तिघींना वाटला आणि काकूंनी खसखस का घातली नाही म्हणून विचारलं, तेव्हा मी ती सुरीची गोष्ट सांगितली. अंबरनाथवाली आधी हसली आणि मग बराच वेळ रडली. त्या गर्दीत तास-सव्वा तास गेला असेल. पुढून माफी चालूच होती. आम्हाला त्या रस्त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती.

रविवारी ठरलेला ब्रंच. पुन्हा फोटो. रात्रीचं विमान, सोमवारी पहाटे सहार. बाहेर आल्यावर टॅक्सीवाल्याने "बदलापूर" ऐकून काच वर केली. मेट्रो सुरू व्हायची वाट बघत मी बाकावर बसले, घाटकोपरला उलट्या दिशेची रिकामी लोकल मिळाली, आणि ऑफिसात अर्धी रजा टाकली.

मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत दोघी इकडे येतात, हे खरं. पण तेव्हा त्यांच्यामागे मामा, काका, लग्नं, मुंजी, दाताचे डॉक्टर आणि आधार कार्डावरचा पत्ता बदलणं असतं. बदलापूरला यायचं ठरतं ते रविवारी, आणि रविवारी मेगाब्लॉक असतो.

म्हणून मी आमच्या ग्रुपवर स्पष्ट लिहून टाकलं. पुढच्या खेपेला मॉल नाही, उंच इमारत नाही, कारंजी नाहीत. दुबईत विमानतळाजवळ किंवा करामा भागात एखादं साधं घर घ्यायचं, तिघींनी स्वयंपाक करायचा, मटार आणायचे, नवऱ्यांनी मुलांना घेऊन कुठेही जावं. शारजावालीने लगेच होकार दिला. अंबरनाथवालीचं उत्तर संध्याकाळी आलं. हो, अगदी असंच करू, फक्त हे म्हणतायत की मिरॅकल गार्डन राहिलं आहे, ते सकाळी उरकून घेऊ.