बेतकरी

सोसायटीला सेक्रेटरी मिळेल न मिळेल, बेतकरी मिळतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, गुडघ्यांची कुरकुर नुकती सुरू झालेली आणि खिशात कायम चार घड्या घातलेला एक कागद. आमचा बेतकरी डोंबिवलीचा. नवं कॅलेंडर भिंतीवर चढण्याआधी त्याच्या हातात पडतं. मोकळे शनिवार-रविवार तो लाल पेनाने गोल करतो आणि उरलेल्या संकष्ट्या-एकादश्या वहिनींकडे देतो.

यंदाचा बेत, कळसूबाई आणि नाशिक. कळसूबाईच का? तर १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. सोमवारी ऑफिसात एवढं सांगितलं की पुढे काही विचारत नाही कुणी. आणि नाशिक का? तर दुसऱ्या दिवशी पाय दुखतात म्हणून. ‘तंबूत झोपायचं आपलं वय राहिलंय का?’ असं तो आम्हालाच दरडावून विचारतो आणि लगेच नाशिकच्या हॉटेलवाल्याची फोनवर उलटतपासणी घेतो. गरम पाणी चोवीस तास की सात ते नऊ? नऊ म्हणजे नऊला बंद, की नऊला आलेल्याला मिळेल?

खरा पेच पुढेच आहे. आधी डोंगर की आधी शहर? या प्रश्नावर बेतकऱ्याकडे बैठक भरते, पोहे होतात, चहाचे दोन राउंड होतात. डोंगर आधी घ्यावा, तर कळसूबाईच्या लोखंडी शिड्या उतरून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी एक पायरी म्हणून चढवत नाही. आणि नाशकात पाहण्यासारखं जे काही आहे ते एक तर पायऱ्यांच्या वर नाही तर पायऱ्यांच्या खाली. पांडवलेणी वर, रामकुंड खाली. बरं, शहर आधी घ्यावं, तर पहिल्याच सकाळी मिसळ आली. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड, बाजूला दही, ‘रस्सा घ्या अजून’ म्हणत फिरणारा पोऱ्या. तो रस्सा पोटात घेऊन दुसऱ्या दिवशी शिडीला लोंबकळायचं कुणी? शिवाय नाशकात भांडी बाजार आहे. तांब्या-पितळेची दुकानं दिसल्यावर वहिनी रिकाम्या हाताने परतणार नाहीत, म्हणजे पातेलं कळसूबाईवर जाणार. या शेवटच्या मुद्द्यावर डोंगर आधी घ्यायचं एकमताने ठरतं.

टेम्पो ट्रॅव्हलर करू या, असं कुणी तरी सुचवतं. बेतकरी मान हलवतो. ‘गाडी केली की बेत ड्रायव्हरच्या हातात जातो.’ म्हणून शुक्रवारी रात्री शेवटची कसारा लोकल, तिथून जीपने घोटीमार्गे बारी. रात्रीच्या त्या लोकलमध्ये झोप लागत नाही याचीही सोय कागदावर असते : ‘१:१५ ते २:४५ – डुलकी.’

‘काका, सॅक सहा किलोच्या वर नको हं.’

‘अरे, माझ्या गोळ्याच दीड किलो आहेत!’

‘मग चादर कमी करा.’

कागदाचं मला मनापासून कौतुक वाटतं. ‘५:४० बारी. ५:४० ते ५:५० चहा. ५:५० ते ६:१० प्रातर्विधी. ९:१० माथा, देवीचं दर्शन. ९:२० ग्रुप फोटो (दमलेले चेहरे नकोत).’ त्याची टिंगल आम्ही सगळेच करतो. पण तो नसता तर आम्ही ‘एकदा जायला हवं’ म्हणत गॅलरीतच म्हातारे झालो असतो.

बारीत उतरल्यावर मात्र कागदाला नजर लागते. चहावाला अजून चूल पेटवत असतो. पहिल्या शिडीपाशी कॉलेजची पोरं-पोरी, ऑफिसांचे ग्रुप, कडेवर लेकरू घेतलेली एक आई असा सगळा महाराष्ट्र उभा. वरून उतरणारे आणि खालून चढणारे, दोघांनाही शिडी एकच. बेतकरी घड्याळाकडे पाहतो, शिडीकडे पाहतो आणि वाटेत काकडी-सरबत घेऊन बसलेल्या मावशींना गाठतो.

‘मावशी, माथा अजून किती?’

‘हे काय, आलंच की.’

‘आलंच म्हणजे किती मिनिटं?’

‘ते तुमच्या पायांवर हाय.’

हे उत्तर कागदावर कुठल्या रकान्यात घालावं ते त्याला सुचत नाही. काका तेवढ्यात दुसरी काकडी संपवतात. नवरात्रात गावोगावचे लोक देवीला अनवाणी चढतात, असं मावशी सांगतात. बेतकरी आपल्या महागड्या बुटांकडे पाहतो.

माथ्यावर पोचतो तेव्हा ढगांनी सगळं पुसून टाकलेलं असतं. देवीचं लहानसं देऊळ तेवढं दिसतं. पण बेतकरी डगमगत नाही. पांढऱ्याफटक शून्याकडे हात करून तो सांगू लागतो, ‘हे अलंग, मदन, कुलंग. त्या अंगाला भंडारदऱ्याचं पाणी. त्याच्या पलीकडे रतनगड.’ आम्हीही ‘वा!’ म्हणतो. एक जण त्या दिशेचा फोटोसुद्धा काढतो.

शनिवारी रात्री नाशकात पोचेपर्यंत हॉटेलचं गरम पाणी आटोपलेलं असतं. यावर लिहिण्यासारखं काही नाही; गार पाण्यात आंघोळी होतात, मालिशचं तेल खोल्याखोल्यांतून फिरतं.

रविवारी पांडवलेणी. चोवीस लेणी, सातवाहनांचे शिलालेख, सगळं बेतकऱ्याला पाठ. पायथ्याशी रिक्षा थांबते आणि कुणीच उतरत नाही.

‘अहो, तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे!’

‘दोन हजार वर्षं राहिलाय ना तिथे?’ काका मांडीवरून हात न काढता म्हणतात, ‘राहील अजून.’

पुढच्या घडामोडींवर त्याचा ताबा उरत नाही. मिसळीच्या रांगेत तास जातो. रामकुंडाच्या घाटावर काका वरच्याच पायरीवर बसून गोदावरीला हात जोडतात. भांडी बाजारात वहिनींच्या पायांना अचानक काहीही झालेलं नसतं. शेवटी सोमवारी सकाळी पंचवटी एक्सप्रेसने थेट ऑफिस. डब्यात रोजचे पासवाले, त्यांच्या ठरलेल्या जागा; बेतकरी दाराजवळ उभा, पायांत सॅक आणि सॅकवर पितळी पातेलं.

खरी करामत आठवड्याने कळते. शेजारच्या विंगमधून त्या कागदाला मागणी येते आणि तो रीतसर टाइप करून पाठवला जातो. मी बारकाईने वाचला. ‘७:३० ते ८:१५ शिडीपाशी लोकजीवनाचे निरीक्षण. १०:३० मेघदर्शन. रात्री शीतस्नान. रविवारी पांडवलेणी (पायथ्यावरून).’ त्या कागदाप्रमाणे आम्ही सगळीकडे अगदी वेळेवर पोचलो होतो.